मंगळवार-गुरुवारची सायकल

*“ताई, मी ४३ वर्षांची, पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत राहते. ऑफिस शिवाजीनगरला, कृषी महाविद्यालयाच्या बाजूला. वेळ दहा ते सहा. साडेपाचला उठते. चार डबे, आठवीतल्या मुलाची सातची स्कूलबस, सासूबाईंचा नाश्ता आणि गोळ्या, पाणी भरणं, कामवाल्या मावशींची वाट बघणं, आणि नऊ वीसला गाडी काढून धावत सुटणं. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, इतक्यात गोळी नको, व्यायाम करा. जिमचे पैसे दोनदा भरले, दोन्ही वेळा पंधरा दिवसांच्या पुढे गेले नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर हौसेनं घेतलेली गिअरची सायकल गॅलरीत उभी आहे, तिच्यावर पायपुसणी वाळतात. मला ऑफिसला सायकलनं जायचंय. यजमान म्हणतात, त्या रहदारीत जाणार, दमून येणार, मग संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार? घाम, कपडे, पाऊस, ऑफिसातले लोक काय म्हणतील, हे सगळं आहेच. पण मुख्य प्रश्न एकच. वेळ कुठून आणू?”*

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी पायपुसण्यांपाशी थांबले. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत त्या वर्षी घेतलेल्या सायकली अशाच उभ्या आहेत. घेणाऱ्या सगळ्यांची इच्छा खरी होती. सायकल मात्र ‘व्यायाम’ या खात्यात टाकली गेली, आणि संसारी माणसाच्या दिवसात व्यायामाचं खातं नेहमी रिकामंच असतं. जिमला जायला तुम्हांला दिवसातून नवा एक तास काढावा लागत होता. तो नव्हताच, म्हणून जिम सुटली. त्यात तुमचा आळस मला कुठे दिसत नाही.

ऑफिसला जाण्याचा वेळ मात्र तुम्ही रोज देताच आहात, तो काढावा लागत नाही. म्हणून आधी हिशेब मांडू. डहाणूकर कॉलनी ते कृषी महाविद्यालय हे अंतर सात किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या गर्दीत गाडीवरून सिग्नल आणि पार्किंग धरून २५ ते ३० मिनिटं लागत असतील, संध्याकाळी अर्ध्या तासाच्या थोडं वर. सायकल सावकाश, ताशी १३-१४ किलोमीटरनं चालवली तर सकाळी ३५ मिनिटं, संध्याकाळी चढामुळे ४०. सकाळी पोचल्यावर घाम निवायला आणि कपडे बदलायला आणखी दहा मिनिटं धरा. म्हणजे सकाळी १५-२० मिनिटं जास्त, संध्याकाळी सात-आठ. दिवसाकाठी २५ मिनिटांच्या जरा पुढेमागे जास्तीची खर्चून सव्वा तास व्यायाम पदरात पडतो. कुठल्याही जिमचा रस्ता याहून लांब आहे.

आता दुसरा आकडा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तुमची जाऊन-येऊन ७५ मिनिटं होतात. दोन दिवस सायकलनं गेलात की १५० झाली. दोनच दिवस! रोज जायची प्रतिज्ञा करू नका. रोजची प्रतिज्ञा पहिल्या आजारपणात, मुलाच्या पहिल्या परीक्षेत मोडते, आणि एकदा मोडली की सायकल परत गॅलरीत जाते.

दिवस आत्ताच ठरवून टाका. मी मंगळवार आणि गुरुवार म्हणेन. सोमवारी घर आणि ऑफिस दोन्हीकडे कामं तुंबलेली असतात, शुक्रवारी निघायला उशीर होतो. गुरुवारी तुमचा उपास असेल तर बुधवार धरा, कारण उपाशीपोटी सायकल चालवायची नाही. ‘जमेल त्या दिवशी’ असं ठेवलंत तर तो दिवस उजाडणार नाही. वार ठरला की घरातल्यांच्याही डोक्यात तो बसतो, ‘आज आईची सायकल आहे’ असं मुलगाच म्हणायला लागतो.

तुमच्या पत्रात मला खरी अडचण रस्त्यावर दिसत नाही, ती सकाळी सात ते नऊमध्ये दिसते. त्या दोन तासांत घरातली प्रत्येक गोष्ट तुमच्याच हातून होते आहे. सायकलला हवी असलेली २० मिनिटं तिथे अडकली आहेत. यजमान काळजीनं बोलत असतील, त्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. तरीही ‘स्वयंपाक कोण करणार’ हा प्रश्न तुम्हांला एकटीला विचारण्याचा नाही, तो घरानं मिळून सोडवण्याचा आहे. साखर काठावर आली आहे ती तुमची, पण उद्या ती काठ ओलांडून गेली तर पथ्यं, तपासण्या, दवाखान्याच्या खेपा सगळ्या घरालाच कराव्या लागतील. हे त्यांच्याशी भांडून बोलू नका. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, तिघं निवांत असताना, कागद घेऊन बसा. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी सात ते साडेआठ, एवढ्याच चौकोनात कोणी काय करायचं ते लिहा.

मला सुचतं ते सांगते. त्या दोन दिवशी सासूबाईंचा नाश्ता आणि गोळ्या यजमानांकडे. आठवीतला मुलगा तांदूळ धुऊन कुकर लावू शकतो, कोशिंबीर करू शकतो, त्याला ते यायलाच हवं. आदल्या रात्री भाजी चिरून आणि कणीक भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची. हे कामही तुमच्यावरच पडू देऊ नका. टीव्हीसमोर बसून शेंगा, गवार, घेवडा निवडायला घरातली सगळी माणसं लागतात, आमच्याकडे तरी पूर्वी लागायची. मंगळवारी संध्याकाळी पिठलं-भात किंवा मुगाची खिचडी ठरवून टाका, गुरुवारी पोळ्या बाहेरून आणा. कोथरूडमध्ये पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, त्यात कमीपणा मानू नका.

आणि सुरुवातीचे पंधरा दिवस वाईट जातील, हे घरी आधीच सांगून ठेवा. कोणी गोळी द्यायची विसरेल, कुकरची शिटी जास्त होईल, मुलाचा डबा ओट्यावर राहील. अशा वेळी ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य तुमच्या तोंडातून निघू देऊ नका. ते एकदा निघालं की काम तुमच्याकडे परत येतं. मी स्वतः हे वाक्य बारा वर्षं म्हटलं आहे, म्हणून एवढं कळकळीनं सांगते.

आता रस्ता. यजमानांची भीती अनाठायी नाही. कर्वे रस्ता सकाळी नऊच्या पुढे सायकलला अवघड आहे. पण गाडीचा रस्ता तोच सायकलचा रस्ता असलाच पाहिजे असं नाही. गाडीवर आपण मोठा रस्ता धरतो, कारण तिथे वेग मिळतो. सायकलला वेग नको, शांतता हवी. म्हणून घरून निघून कर्वे पुतळ्यापासून आत मयूर कॉलनीत शिरा आणि आतल्या रस्त्यांनी पौड फाट्याकडे या. तिथून नळ स्टॉपपर्यंत कर्वे रस्त्याला पर्याय नाही, तेवढं अंतर संयमानं काढायचं. उड्डाणपुलावर चढायचं नाही, खालूनच जायचं. नळ स्टॉपला डावीकडे विधी महाविद्यालय रस्ता. तिथे गर्दी असते पण वेग नसतो. पुढे भांडारकर संस्थेपाशी उजवीकडे भांडारकर रस्ता, झाडांच्या सावलीतून थेट गुडलक चौक. तिथून डावीकडे फर्ग्युसन रस्ता, तो एकेरी आहे आणि तुमच्याच दिशेनं जातो. परतताना जंगली महाराज रस्ता, तोही एकेरी आणि तोही तुमच्या सोयीचा. मग डेक्कनवरून प्रभात रस्त्याची सावली धरून विधी महाविद्यालय रस्ता आणि नळ स्टॉप.

या मार्गाचा एक मोठा फायदा तुमच्या लक्षात आला असेल. कोथरूड उंचावर आहे, डेक्कन खाली नदीकाठी. सकाळी जाताना बराचसा उतार लागतो, म्हणजे घाम कमी. चढ येतो तो संध्याकाळी, घरी जाताना, आणि घरी गेल्यावर अंघोळ आहेच. ऑफिस खाली आणि घर वर असणं ही सायकलवाल्याची चैन आहे. चांदणी चौकाच्या चढापलीकडे ऑफिस असतं तर मी तुम्हांला एवढ्या सहज हो म्हटलं नसतं.

उजवीकडे वळायची चौकातली वळणं मात्र चालवत घेऊ नका. भांडारकर संस्थेपाशी आणि परतताना नळ स्टॉपला सरळ सायकलवरून उतरा, हातात धरा आणि पादचाऱ्यांबरोबर पट्ट्यांवरून रस्ता ओलांडा. सायकल हातात घेतली की आपण पादचारी. या चौकांतली वाहतुकीची व्यवस्था अधूनमधून बदलते, पण हातात सायकल असली की त्याची फिकीर राहत नाही. दीड-दोन मिनिटं जातील. जाऊ देत.

रस्त्यावर चालवताना नवी माणसं अगदी कडेला चिकटून चालवतात. भीतीनं तसं होतं, आणि त्यातच धोका असतो. कडेला चेंबरची झाकणं असतात, वाळू असते, काचा असतात, आणि उभ्या मोटारीचं दार अचानक उघडतं. उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगला मीटरभर लांब राहा. मागच्याला हॉर्न वाजवायचा तर वाजवू दे, त्यानं तुम्हांला पाहिलं आहे म्हणूनच तो वाजवतो आहे. वळण्याआधी मागे बघा, हात दाखवा, मागच्याशी नजरानजर झाली की मगच वळा. थांब्यावर उभ्या बसच्या डाव्या बाजूनं कधीही घुसू नका. तिथे चालकाला सायकल दिसत नाही आणि उतरणारी माणसं तुमच्याच पुढ्यात येतात. रिक्षाच्या मागे दोन सायकलींचं अंतर ठेवा, ती हात दाखवणाऱ्या प्रत्येकासाठी थांबते.

सायकल ट्रॅकच्या भरवशावर मार्ग ठरवू नका. जंगली महाराज रस्त्यावर ट्रॅक आहे, शहरात इतरत्रही आखलेले आहेत, पण ते सलग नाहीत, आणि कुठे दुचाकी तर कुठे हातगाडी उभी असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी लहान असताना खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली दिसायच्या. घंट्यांचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला दोऱ्याची जाळी लावलेली असे, पातळ अडकू नये म्हणून, आणि शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन खात्यातल्या बायका साडीत सायकल चालवत कामावर जायच्या. कोणी त्यांच्याकडे वळून बघत नसे. ‘लोक काय म्हणतील’ हा तुमचा प्रश्न या शहरात अलीकडचा आहे. लोक दोन आठवडे म्हणतील, तिसऱ्या आठवड्यात त्यांतलं कोणी तरी जिन्यात थांबवून विचारेल, ‘कितीला पडली हो सायकल?’

माझाही एक अपघात सांगते, कारण तो टाळता आला असता. जून महिना होता, पहिला पाऊस नुकताच थांबलेला. चेंबरच्या लोखंडी झाकणावरून जाताना मी हँडल वळवलं आणि चाक सर्रकन निसटलं. कोपर फुटलं, दीड महिना हात गळ्यात. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर तीन गोष्टी पाळते. लोखंडी झाकण, रस्त्यावरचा पांढरा रंग आणि पडलेली ओली पानं यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही, सरळ जायचं. डबक्यातून जायचं नाही, खाली खड्डा किती आहे ते कळत नाही. आणि पुढचा-मागचा ब्रेक नेहमी एकत्र, हलक्या हातानं दाबायचा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधीपासून दाबत यायचं.

तुम्हांला मात्र पहिल्या वर्षी भर पावसात जायचं काहीच कारण नाही. मंगळवारी सकाळी पाऊस असेल तर मेट्रो पकडा. मयूर कॉलनीच्या पलीकडे पौड रस्त्यावर आयडियल कॉलनी स्थानक आहे, जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदलली की शिवाजीनगर. आणि सकाळी ऊन होतं, संध्याकाळी ढग फुटले, तर सायकल ऑफिसातच कुलूप लावून ठेवायची आणि मेट्रोनं घरी यायचं. बुधवारी सकाळी मेट्रोनं जा, संध्याकाळी सायकल घेऊन या. सायकल एक रात्र ऑफिसात राहिली म्हणून बिघडत नाही. फक्त ती आवारात, रखवालदाराच्या नजरेसमोर हवी. कुलूप चाकातून आणि चौकटीतून घालून एखाद्या पक्क्या खांबाला किंवा ग्रिलला लावा. बारीक वायरचं कुलूप घेऊ नका, ते साध्या पकडीनं तुटतं.

सुरुवातीला जाऊन-येऊन दोन्ही वेळा जड वाटलं तर हीच युक्ती मुद्दाम वापरा. मंगळवारी सकाळी फक्त उताराचं जाणं, सायकल तिथेच ठेवून मेट्रोनं परत. बुधवारी संध्याकाळी फक्त चढाचं येणं. दमही बेतानं वाढतो.

घामाची तुम्ही जेवढी धास्ती घेतली आहे तेवढा तो येत नाही, जर तुम्ही सावकाश गेलात तर. पाठीवर सॅक लावू नका. पाठ भिजते ती सॅकमुळेच. मागे कॅरियर बसवून घ्या, त्यावर बॅग बांधा. संध्याकाळी भाजी घ्यायची असली तर पुढे बास्केट कामाला येतं. गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरले तरी चालतील, जोर लावावा लागता कामा नये. जुना सुती कुर्ता घालून निघायचं. ऑफिसचे कपडे गुंडाळून न्यायची कटकट वाटत असेल तर सोमवारी गाडीवरून दोन जोड नेऊन ऑफिसच्या कपाटात ठेवा. पोचलात की लगेच कपडे बदलू नका. आधी पाच-सात मिनिटं पंख्याखाली बसा, पाणी प्या, घाम थांबू द्या, मग ओल्या नॅपकिननं मान, काखा, पाठ पुसून बदला. घाम थांबायच्या आत बदललेले कपडे परत ओले होतात. साडी नेसायचा दिवस असेल तर सायकलचा वार पुढे-मागे करा. ओढणी घेऊन सायकल चालवू नका, किंवा गाठ मारून खोचून घ्या. ओढणी साखळीत किंवा चाकात गेली तर माणूस उलटून पडतं. तुमच्या सायकलला चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या.

साखरेबद्दल एक गोष्ट. सध्या गोळी नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी उपाशी निघू नका, वाटीभर पोहे किंवा पोळी-भाजी खाऊन निघा. पुढे कधी डॉक्टरांनी साखर उतरवणारी गोळी सुरू केली, तर ‘मी आठवड्यातून दोनदा सायकल चालवते’ हे त्यांना सांगायला विसरू नका, त्यावरून ते वेळा ठरवतील.

आता गॅलरीतल्या सायकलकडे वळू. पायपुसणी काढा आणि टायर हातानं चाचपून बघा. इतकी वर्षं उन्हात उभी आहे, रबराला बारीक चिरा पडलेल्या असणार. असतील तर दोन्ही टायर-ट्यूब बदला, जुन्यावर भिस्त ठेवू नका. ब्रेकचे रबर कडक झाले असतील, तेही बदलायचे. साखळी पुसून तेल, गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा तपासणं, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणं, हे सगळं सायकल दुरुस्तीवाल्याकडून एकदाच नीट करून घ्या. त्याच वेळी मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी आणि मागचा लाल दिवा बसवून घ्या. या सायकली मडगार्डशिवायच विकतात आणि मग पावसाचा चिखल पाठीवर उडतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तुम्ही ऑफिसातून निघाल तेव्हा अंधार पडत आलेला असेल. पुढचा पांढरा आणि मागचा लाल असे दोन्ही दिवे हवेतच, आणि हेल्मेटही.

सीटची उंची त्याच दिवशी बघून घ्या. सीटवर बसून पॅडल सगळ्यांत खाली नेलं आणि त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेक बायका पडायच्या भीतीनं सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. हवा टायरच्या बाजूवर छापलेली असते तेवढी ठेवा. दर रविवारी हवा बघायचं काम मुलाला द्या. तुमच्या सायकलचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावरही भरता येते, नाही तर घरी एक उभा पंप आणून ठेवा. कमी हवेची सायकल चढावर ओढत न्यावी लागते, आणि आपल्याला वाटतं की आपलंच वय झालं.

पहिल्याच मंगळवारी ऑफिसला निघू नका. सायकल दुरुस्त होऊन आली की दोन रविवार सकाळी साडेसहाला मुलाला बरोबर घेऊन हाच रस्ता ऑफिसच्या फाटकापर्यंत जाऊन या. यजमानांनाही न्या, भाड्यानं किंवा शेजाऱ्यांची सायकल मिळाली तर. रस्ता त्यांनी स्वतः पाहिला की त्यांची अर्धी काळजी उतरेल, आणि कुठे उतरून चालायचं ते तुम्ही त्यांना दाखवू शकाल. परत येताना डेक्कनला इडली खा. किती मिनिटं लागली ती घड्याळात बघून लिहून ठेवा, कारण माझा ३५ चा आकडा अंदाजाचा आहे, तुमचा आकडा तुमच्या पायांचा असेल. त्यावरून निघायची वेळ ठरवा आणि वर दहा मिनिटं सोडा.

मावशी उशिरा आल्या, सासूबाईंचं दुखलंखुपलं, ऑफिसात सकाळी नऊलाच मीटिंग लागली, की त्या दिवशी निमूट गाडी काढा. एखादा मंगळवार चुकला तर चुकला, गुरुवार आहेच. दोन्ही चुकले तर रविवारी मुलाबरोबर फेरी मारा. लागोपाठ दोन आठवडे मात्र चुकू देऊ नका, सायकलवर पायपुसणी परत वाळायला लागतील.

आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही तपासणी करून घ्या. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, म्हणून त्याआधी करण्यात अर्थ नाही. नुसत्या सायकलनं सगळं होईल असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं खाण्याचं पथ्य चालू ठेवाच. तपासणीचा कागद हातात आला की मला दोन ओळी लिहा. त्यात साखरेचा आकडा असू दे, आणि मंगळवारचा कुकर आता कोण लावतं, तेही.